कडूबाईच्या हातची इभूत

शेणाला हात लावायला कुणी तयार न्हाई आन् कपाळाला लावायला इभूत मात्र सगळ्यांना पाहिजे, असली आमच्या गावाची तऱ्हा. मी नीलाबाई. मन्मथप्पाची थोरली भावजय, म्हंजी महानंदाची मोठी जाऊ. माझा मालक जाऊन अकरा वर्सं झाली, तव्हापसून ह्यांच्यातच हाय. ज्यांच्यात ऱ्हाते त्यांचं झाकून बोलायची मला सवय न्हाई. म्हणून महानंदाचं जिथं चुकलं तिथं चुकलं म्हणणार. माझंबी चुकलं, ते पुढं येतंयच.

तेरा सालचा दुष्काळ. सिरसाळ्यापसून कोसभरावर आमचं गाव. आड आटले, बोअरातून नुसता वारा यायला लागला, मन्मथप्पाच्या किराणा दुकानात माशीबी बसंना. सोसायटीनं गावाच्या खालच्या अंगाला चारा छावणी घातली. चेअरमन आश्रुबा. आठशे जनावरं एका जागी बांधल्यावर शेणाला काय तोटा? लोक नाकाला उपरणं लावून जायचे, आन् महानंदा तिथं उभी ऱ्हाऊन बघत बसायची. एक दिस घरी आली आन् पदर खोचून म्हणली, "अक्का, इभूत करू."

"कोण करणार?"

"आपण."

"आपण म्हंजी कोण गं? मी?"

तिच्या माहेरी, अहमदपुराकडं, तिची आई इभूत करायची. गाईचंच शेण, म्हशीचं चालत न्हाई. भुईला टेकलेलं सोडून वरचं वरचं उचलायचं, माती नको. वाळवायचं, खड्ड्यात भुशाचा थर, शेणाचा थर, असं रचून पेटवायचं आन् दीड दिस धुमसू द्यायचं. राख निवली की जुन्या धोतराच्या फडक्यानं चाळायची, पाण्यात कालवून निवळू द्यायची, आन् तळाला जो पांढरा गाळ बसतो तो तळहातावर वळून लिंबाएवढे गोळे वाळवायचे. ऐकायला सोपं हाय. करायला घेतलं की कंबरेचे टाके ढिले होतेत.

महानंदानं बायांची सहकारी संस्था काढली. अकरा बाया. त्यात आश्रुबाची बायको गीताबाई न बोलावता पयली. तिला अध्यक्ष व्हायचं होतं, शेणाला हात न लावता. महानंदा बेरकी. तिनं नियमच लिवला: जी बाई सोताच्या हातानं इभूतीचा गोळा वळंल तीच सभासद. पयला गाळ तयार झाला तव्हा गीताबाईनं हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून एक गोळा वळला. तो वांग्यासारखा लांबुळका झाला, पण नियमात बसला. सभासद झाली, अध्यक्ष काय झाली न्हाई. त्या दिवसापसून ती महानंदाकडं तिरक्या डोळ्यानंच बघायची.

पयले तीन दिस गीताबाई सोडून बाकी बायांनी शेण उचललं. चौथ्या दिशी कुणाचं डोकं दुखलं, कुणाचा पावणा आला, एकीनं सरळ सांगितलं, "दुसऱ्याच्या जनावराचं शेण मी चारचौघात उचलू? माझी सून काय म्हणंल?" शेवटी शेडमदी मी आन् महानंदा दोघीच. मंग महानंदा गायरानावर गेली. तिथं पारध्यांची सात-आठ पालं होती, चार वर्सं झाली पडून. तिथून ती सहा बाया घेऊन आली. त्यांची म्होरकी कडूबाई.

आश्रुबानं डोक्याला हात लावला. "महानंदाबाई, जनावरांच्या छावणीत पारधी घालताव? दावं कापून नेतील."

"सकाळी मोजा, सांजंला मोजा," महानंदा म्हणली. "एक जरी कमी भरलं तर माझी म्हैस घ्या."

आमच्याकडं म्हैसच न्हाई, ही गोष्ट अलग.

त्या बाया कामाला असल्या, की बघत ऱ्हावं. उन्हं वर यायच्या आत छावणीची चार आळी सारवून काढल्यावानी साफ. कडूबाईला लांबून कळायचं, शेण गाईचं का म्हशीचं. काटकुळी बाई, गालावर गोंदलेलं, हसली की हिरड्या दिसायच्या. टँकर तिसऱ्या दिशी यायचा, तिच्या वाटणीच्या पाण्यातली एक घागर ती राख कालवायला आणायची. मी म्हणले, "प्यायचं पाणी कावून वततीस?" तर म्हणायची, "गाळ पांढरा बसला पायजे ना, अक्का."

आता महानंदाची चूक ऐका. पयल्याच दिशी ती मला बाजूला घेऊन म्हणली, "ह्यांच्याम्होरं इभूत म्हणायचं न्हाई. राख म्हणायचं."

"कावून गं?"

"बाजारात बोलल्या तर? परळीच्या दुकानदाराला कळलं पारधिणीच्या हातची हाय, तर घेईल का तो?"

"अगं, पण आपल्या लिंगायतात पाच सुतकं न्हाईत. जातीचं न्हाई, विटाळाचं न्हाई. तूच तर सांगत फिरतीस."

"आपल्यात न्हाईत, अक्का. गिऱ्हाइकाचं काय सांगावं?"

मी गप बसले. गप बसायला मला कारण होतं. शेडमदी पोत्यानं इभूत पडली होती, आन् मी घरी सकाळी लिंगपूजेला बसले की कपिलधारच्या जत्रेतून आणलेला जुना गोळा काढायची. तोच झिजवत होते. महानंदानं एकदा इचारलं, तर म्हणले, "संपू दे की हा आदी." पाच सुतकं तोंडपाठ असणारी मी. कुणाला सांगायची सोय न्हाई.

आन् कडूबाईला वाटायचं, ही राख धान्यात घालायची हाय, किडा लागू नये म्हणून. ती एकदा म्हणलीबी, "अक्का, औंदा धान्य कुटं हाय, आन् लोकं किड्याची एवढी काळजी करायलेत!" मी हसले. हसून टाळलं.

मंग गायरानाचं निघालं. छावणी वाढवायची म्हणून आश्रुबानं ठरवलं, पालं उठवायची. गावात दवंडीच दिली म्हणा ना: ज्याच्याकडं गावात ऱ्हातो म्हणून काई कागूद हाय त्यानं थांबावं, बाकीच्यांनी शिवरात्र झाली की पालं उचलावी, न्हाईतर सोमवारी ट्रॅक्टर येईल. पारध्यांकडं कुठला कागूद? ना रेशन कार्ड, ना जन्माची नोंद. कडूबाई महानंदाच्या पायाशी येऊन बसली. तिची पोरगी गावच्या शाळेत तिसरीत होती, घराण्यातली पयलीच.

महानंदा म्हणली, "तुला संस्थेची सभासद करू. सरकारी शिक्क्याचं पुस्तक हाय. त्यात तुझं नाव आन् ह्या गावचा पत्ता लागला की तुझं पाल कोण हलवतंय ते मी बघते. रविवारी सभा हाय." कडूबाईनं दोनदा इचारलं, "माजं नाव? माजंच?"

शिवरात्रीला चार दिस होते. परळीच्या देवळापाशी एका दुकानदारानं मोठी मागणी दिली होती. अर्धा माल पोचवायला आमी जीपनं गेलो. महानंदा, मी आन् डोक्यावर टोपली घेऊन कडूबाई. दुकानदारानं एक गोळा फोडला, चिमटीत चोळला.

"बाई, थर्मलची राख तर न्हाई ना ही?" म्हणून हसला. परळीत सगळ्यांवरच इजेच्या कारखान्याची तसली राख बसलेली असती, म्हणून तिथले लोक ह्यावर लई हसतेत. मंग त्यानं तीन बोटं बुडवून कपाळावर आडवी वढली. दुकानात मांडलेल्या पिंडीलाबी लावली आन् हात जोडले. "माल चोख हाय."

माझ्या मागं धप्पकन आवाज झाला. कडूबाईनं टोपली खाली टाकली होती.

"हे देवाचं हाय?" ती म्हणली.

कुणी काई बोलायच्या आत ती रस्त्यावर बसली आन् दोन्ही हात मातीत घासायला लागली. घासतीय, घासतीय, कातडं सोलंल असं. लोक बघायले. महानंदा म्हणली, "अगं कडू, काय झालं?" तर ती दूर सरकली. येताना जीपच्या मागच्या पायरीवर बसली, हात मांडीवर पालथे, कशालाच न शिवता. महानंदाला वाटलं, रोजगारावर रुसली. मला वाटलं, आपण लपवून ठेवलं म्हणून राग आला. दोघींचंबी चुकीचं होतं.

दुसऱ्या दिशी सहातली एकबी आली न्हाई. खड्ड्यातली राख तशीच. दुकानदाराचा उरलेला माल बाकी, आन् सभा तीन दिसावर. मन्मथप्पा दाढी खाजवत म्हणला, "वैनी, तुमीच जा. तुमचं ऐकतेत." माझं कोण ऐकतंय? पण गेले.

भर दुपारचं ऊन. गायरानावर एक बाभळ, तिच्या खाली सगळी पालं. कडूबाई दारात बसलेली, शेजारी तिची सासू दगडाबाई, म्हातारी, आन् नवरा बंकट. बंकट बोलत न्हाई फारसा. मला वाटेत सगळं पाठ झालं होतं. बसायच्या आदीच सुरू केलं, "हे बघ कडू, तू मनात काई आणू नको. आमच्यात जातीचा विटाळ न्हाई. तुमचा हात लागला म्हणून आमची इभूत बाटत न्हाई."

कडूबाई म्हणली, "तुमची बाटत न्हाई, अक्का. आमी बाटलाव ना."

मला काई कळंना.

दगडाबाईनं तोंडातली मिसरी थुंकली. "आमच्यात बाईनं देवाला शिवायचं न्हाई. देवाच्या पेटीला बाईच्या लुगड्याचा वारा लागू देत न्हाईत. देवाचं जे काई हाय ते पुरुषानं करायचं. माझ्या सुनंनं चार म्हयने देवाचं मळलंय. पंचांना कळलं तर आमी जातीबाहेर. तुमी सांगितलं न्हाई कावून?"

काय सांगू तिला? आमी भीत होतो की देवाला पारधीण चालायची न्हाई. आन् तिला भीती, की तिला देव चालायचा न्हाई. मी पदरानं घाम पुसला. खरं तर तोंड लपवायला पदर लागत होता.

म्हातारी काई सोडंना. "तुमच्यात बाया शिवतेत देवाला?"

"आमच्यात गळ्यातच असतो," मी म्हणले आन् लिंग दाखवलं. सगळी पालं वाकून बघायला आली. बाईच्या गळ्यात देव! त्यांच्या बोलीत बरंच काई बोलणं झालं. एक बाई घाबरून मागं सरली.

मंग कडूबाईनं इचारलं. हळूच इचारलं. "तुमी लावताव का, अक्का? आमच्या हातची?"

हो म्हणायला काय लागतं? एक शब्द. मी तोंड उघडलं आन् निघालं, "न्हाई."

मला वाटलं, आता ही उठून मला हाकलून देईल. तर कडूबाई हसली. हिरड्या दिसल्या. "म्हंजी तुमालाबी भ्या वाटतंय."

"वाटतंय गं."

"कशाचं?"

"तेच तर कळंना."

ती जवळ सरकली. मंग आमी तिघी बाया शेणावर बोलत बसलो, शप्पत. शेण देवाचं हाय का? न्हाई. त्याला बाई शिवती, शिवणारच, न्हाईतर जगात भुई कोण सारवणार? वाळलेलं? न्हाई. जाळ झाला, राख झाली, तेबी न्हाई, राखेनं आपण भांडी घासताव. मंग देव येतो कव्हा? दगडाबाई म्हणली, पाण्यात निवळल्यावर. कडूबाई म्हणली, गोळा वळल्यावर. मी म्हणले, आमच्यात कपाळाला लावल्यावर. मला तरी काय म्हाईत? इतकी वर्सं लावली, असला इचार कव्हा केला न्हाई.

बंकट इतका वेळ सुतळीला पीळ देत बसला होता. तो खाली बघूनच म्हणला, "गोळा मी वळतो."

झालं. बाया परत आल्या. शेण, जाळ, चाळण, सगळं त्यांनी करायचं. गाळ घमेल्यात आला की त्या मागं सरायच्या आन् बंकट पुढं. तित्तरांचे फासे वळून वळून त्याच्या बोटाला जी सफाई आली होती, ती कुणाला यायची न्हाई. एकसारखे गोळे. बायांच्या संस्थेत एकटा बाप्या, डोक्याला मुंडासं, मांडी घालून. येणारा-जाणारा डोकावून हसायचा. महानंदा वैतागून म्हणायची, "अक्का, मी हे कशाला सुरू केलं आन् हे काय चाललंय?" मी म्हणायची, "माल तर चाललाय ना!" शिवरात्रीचा माल पोचला. दुकानदारानं श्रावणाची मागणी आत्ताच सांगून ठेवली. सगळं लायनीवर आलं म्हणून मी निवांत झाले.

रविवारी शेडमदी सभा. पत्रा तापलेला, अकरा बाया पदरानं वारा घालायलेल्या. मन्मथप्पा दाराबाहेर स्टुलावर, त्याला आत बसायची परवानगी न्हाई. कडूबाई धुवून काढलेलं लुगडं नेसून कोपऱ्यात, गोळे वळणारा म्हणून बंकटबी तिच्या शेजारी. महानंदानं पुस्तक उघडलं. "कडूबाई बंकट पवार. ह्यांना सभासद करून घ्यायचं हाय. कुणाची हरकत?"

गीताबाईनं घसा साफ केला. "हरकत माझी न्हाई. नियमाची हाय."

"कुठल्या?"

"तुझ्याच. सोताच्या हातानं गोळा वळणारी बाई. हिनं सोडून दिलंय वळायचं. गोळे वळतोय हिचा नवरा, सगळं गाव बघतंय. मंग नवऱ्याला करा सभासद!"

बाया फिदीफिदी हसल्या. महानंदाचं तोंड उतरलं. तिनं ज्यात गीताबाईला धरलं होतं, त्यातच आता ती सोता सापडली. नियम मोडला तर उद्या आश्रुबा पुस्तकच खोटं म्हणणार, आन् न मोडला तर ट्रॅक्टर. ती माझ्याकडं बघायली. मी पत्र्याकडं बघितलं. पालातल्या बोलण्यातलं एक अक्षर मला सांगता येईना. काय सांगणार? की आमच्या सगळ्यांपेक्षा हीच देवाला जास्ती भेती, म्हणून हात लावत न्हाई?

"पुढच्या म्हयन्यात बघू," कुणीतरी म्हणलं.

"पुढच्या म्हयन्यात आमी कुटं असू?" कडूबाई म्हणली.

ती उठली. बंकटला त्यांच्या बोलीत काईतरी म्हणली, दोनच शब्द. बंकटनं तिच्याकडं बघितलं. मंग तो जागच्या जागी वळला आन् पत्र्याच्या भिताडाकडं तोंड करून बसला. म्हंजी उद्या पंचांनी इचारलं तर त्यानं काई बघितलं न्हाई. हे मला नंतर उमगलं. तव्हा वाटलं, रागावला.

कडूबाई घमेल्यापाशी उकिडवी बसली. गाळात हात घातला. पयला गोळा तिच्या हातातच फुटला. दुसऱ्याला चीर गेली. ती तोंडानं पुटपुटत होती, देवाची माफी मागत होती का आमाला शिव्या देत होती देव जाणे. तिसरा गोळा वळला. गोल, गुळगुळीत, कुठं बोट उमटलेलं न्हाई. तिनं तो गीताबाईच्या म्होरं पाटावर ठिवला.

"लिवा," ती म्हणली.

महानंदानं लिवलं. अंगठा लावायला कडूबाईचा हात धरला, तर त्याला शाई चिकटंना, सगळा अंगठा पांढरा. पदरानं पुसून दोनदा लावला. महानंदा रडत होती आन् सही करत होती. मला रडूबी येईना. बंकट अजून भिताडाकडं तोंड करूनच होता.

पण गीताबाई ती गीताबाई. गोळ्याला तिनं बोट लावलं न्हाई. "सभासद झाली, बरं झालं. आता परळीच्या लोकांच्या कपाळाला लावायच्या आदी हितं कुणी लावून दाखवा की."

महानंदा लगेच उठली. गीताबाईनं हातानंच तिला बसवलं. "तुझं काय, तुझा धंदा हाय. तू कुणाच्याबी हातची लावशील. अक्का लावतील. अक्कांच्यात पाच सुतकं न्हाईत म्हणं."

सगळी तोंडं माझ्याकडं वळली. कडूबाईबी बघायली. त्या बायांत तिला एकटीला म्हाईत होतं की मी लावत न्हाई, आन् ती चकार शब्द बोलली न्हाई. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. मी काईतरी म्हणायला गेले. आन् माझी मान खाली गेली.

इभूत लावून घ्यायला मी वाकले म्हणून मान गेली, का लाजेनं गेली, मला तव्हा कळलं न्हाई. आजबी कुणी इचारलं तर मी नीट सांगू शकत न्हाई. कडूबाईनं इचारलं न्हाई. तिनं घमेल्यात तीन बोटं बुडवली, डावा हात माझ्या हनुवटीखाली धरला आन् माझ्या कपाळावर आडवी वढली.